चारशे बारावा पट्टा

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. त्या वर्षी कारखान्यानं बाबागाडीचे चारशे बारा पट्टे बाद ठरवले, आणि जूनअखेर त्यांतले चारशे अकरा कापून झाले होते.

पट्टा राखाडी, मधे काळं बकल. मूल पुढे झुकून पडू नये म्हणून बाबागाडीला वरून लावायचा. बेकरीत काम करणाऱ्या एका बाईचं दहा महिन्यांचं मूल पट्टा लावलेला असताना फरशीवर पडलं आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. आईनं पट्टा नीट लावला नव्हता, असं कारखान्याचं म्हणणं. तरी खबरदारी म्हणून त्या खेपेचे सगळे पट्टे बाद. गिऱ्हाइकांना पत्रं गेली : पट्टा मधोमध कापा, तुकड्यांचा फोटो पाठवा, तुकडे कचऱ्यात टाका, नवा पट्टा घ्या.

ही पत्रं लिहिणाऱ्या बाईंना सगळे कात्रीबाई म्हणू लागले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्या साहेबांना ‘बरं’शिवाय काही बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. खांद्याला कायम एक पिशवी. दहाव्या वर्धापनदिनी कारखान्यानं आपल्याच कापडाच्या, आपल्याच पट्ट्या-बकलांच्या अशा पिशव्या सगळ्यांना शिवून दिल्या होत्या. बाकीच्यांच्या पिशव्यांचं केव्हाच पोतेरं झालं, बाईंची टिकली. साहेब म्हणत, कात्रीबाई एक वेळ घर विसरतील, पिशवी नाही.

“ही एक म्हातारी चारशे जणांना भारी पडतेय,” साहेब म्हणाले. “उत्तर तरी आलं का?”

“आपल्याच पत्रामागे लिहून आलंय.” कात्रीबाईंनी वाचून दाखवलं. “‘कापणार नाही. कागद जाड आहे, आणखी पाठवा. इस्त्री टेकवायला बरा पडतो.’”

साहेब हसले नाहीत. “पुढच्या महिन्यात चौकशी समिती बसतेय. त्याआधी यादी पूर्ण हवी. कॅमेरा घ्या आणि स्वतः जा.”

“बरं,” कात्रीबाई म्हणाल्या.

म्हातारी इस्त्रीचं दुकान चालवायची. मागे एक खोली, तिच्यात नातू गाठोड्यांमध्ये झोपलेला. बाबागाडी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर धुतलेले शर्ट वाळत घातलेले.

“आलात का कात्री घेऊन?” म्हातारीनं इस्त्री थांबवली नाही. “चहा हवा तर मिळेल. पट्टा मिळायचा नाही.”

“आजी, नवा देतोय ना आम्ही.”

“नव्याची हौस कुणाला आहे? नातवाएवढं गाठोडं बांधून मी गाडी पायरीवरून उतरवली. बकल उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. नीटच लावलं होतं, माझे हात अजून थरथरत नाहीत.”

कात्रीबाई स्टुलावर बसल्या.

“त्या बेकरीवालीचा पट्टा कुठंय?” म्हातारीनं विचारलं.

“तपासायला आणला होता. सापडत नाही.”

“वा. एवढ्या मोठ्या कारखान्यात नेमका तोच सापडत नाही. आणि माझा कापला की?”

“मग त्या खेपेतला एकही उरत नाही.”

“तिच्या सासरी तिच्या हातात पोर देत नाहीत आता, ठाऊक आहे? कपडे इथेच येतात त्यांचे. सासू तोंडानं सांगून गेली, हिच्यावर भरवसा नाही म्हणून. पोर रडतं आणि आईनं दारातून बघायचं. तुमच्या साहेबांना सांगा, म्हातारीला कापा हवं तर, पट्टा कापणार नाही.”

“कापलेल्या पट्ट्याचा फोटो घेतल्याशिवाय मला परत जाता येणार नाही.”

“मग बसा. शटर सातला पडतं.”

दोन सदरे झाले, एक चादर झाली. मग कात्रीबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, आतून कात्री काढली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. म्हातारीनं पहिल्यांदाच इस्त्री उभी ठेवली.

“खरंच?” तिनं विचारलं.

“नाहीतर एवढ्या लांब कशाला आले असते?”

“मग कापा.”

पट्टा जुना असला तरी चिवट होता. कात्री दोनदा दाबावी लागली. तुकडे इस्त्रीच्या टेबलावर ठेवून कात्रीबाईंनी फोटो काढला.

तेव्हा फोटो धुवून यायला चार दिवस लागत. पाचव्या दिवशी बाई फोटो घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून.

“अहो, पिशवी काय लेकरासारखी कुशीत घेतलीय?” साहेब खुशीत होते. त्यांनी फोटो पाहिला. दोन तुकडे, काळं बकल. यादीवर शेवटची खूण झाली. “शाबास. कशी काय वळवलीत म्हातारीला?”

“बोलले थोडं.”

समितीपुढे साहेबांनी फोटोंची वही ठेवली आणि त्या खेपेतला एकही पट्टा जगात शिल्लक नाही, असं सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरून इस्त्रीवाली उठली. तिनं अख्खा पट्टा टेबलावर ठेवला, सोबत एक गाठोडं. तिसऱ्या हिसक्याला बकल उघडलं. साहेब वळून कात्रीबाईंकडे बघू लागले. “याचा खुलासा लागेल मला,” ते म्हणाले.

“बरं,” कात्रीबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात बेकरीवालीच्या सासूनं पोर स्वतः आणून तिच्या मांडीवर ठेवलं. आता ते पोर आईपेक्षा हातभर उंच आहे. साहेब पुढे छत्र्यांच्या कारखान्यात गेले. तिथे माल उघडला तर कुणी तक्रार करत नाही. इस्त्रीवाली ऐंशीपर्यंत उभी राहून इस्त्री करत होती आणि कारखान्याची पत्रं तिला तेवढा काळ पुरली. कात्रीबाईंना महिन्याभरात घरी बसवलं. बाजारात त्या पुढे कितीतरी वर्षं दिसत, तीच पिशवी काखेत धरून. तिचा पट्टा कुठे गेला असं कुणी विचारलं, की म्हणत, “कामी आला.”