पाच नंबरचं पोर्ट

मेहुणा मागची खोली रिकामी करून गेला त्याला महिना झाला, तरी हॉलमधल्या इंटरनेटच्या स्विचच्या पाच नंबरच्या पोर्टातून अपलोड चालूच होतं. ती वायर त्याच खोलीत जात होती, आणि तिथे भिंतीतल्या सॉकेटशिवाय काही उरलं नव्हतं.

"तुझ्या भावाने जाताना काहीतरी लावून ठेवलंय," तो म्हणाला.

"त्याच्यावर खापर फोडल्याशिवाय तुम्हाला चैनच पडत नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

ती बोलताना पोर्टाचा दिवा गप्प होता. तो बोलला तेव्हा मात्र लुकलुकला होता. त्याने मुद्दाम एक ते दहा आकडे म्हटले. आकड्यागणिक दिवा लुकलुकला.

"आता ने बघू किती न्यायचं ते," असं पुटपुटत त्याने लॅपटॉपवर पाच नंबरच्या अपलोडचा वेग पार तळाला आणला आणि ओठ घट्ट मिटून बसला.

तरी दिवा लुकलुकतच राहिला. त्याचं मघाचं बोलणं आता थेंबाथेंबाने बाहेर जात होतं. शेवटी दिवा विझला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

डाउनलोडला मर्यादा घालायचं मात्र त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पडद्यावरचा डाउनलोडचा आकडा एकदम वर चढला.

"अगं, जरा इकडे ये," मागच्या खोलीतून त्याच्याच आवाजात हाक आली.

"आले हं," म्हणत बायको तिकडे वळली.

"थांब!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

घरात आवाज उमटलाच नाही. पाच नंबरचा दिवा तेवढा सावकाश लुकलुकू लागला.