मेन स्विचवरचा फोटो

कापसाच्या जिनिंगमधली मशीन बिघडली की मोतीराम फिटर मेन स्विच पाडायचा, त्यावर स्वतःच्या फोटोची पाटी अडकवायचा, ‘आत माणूस आहे, चालू करू नये’, आणि आत शिरायचा. पण अकोटात पाटी वाचायची फुरसत कोणाले? जो येई तो पाटी सरकवून खटका वर करी. दोनदा मोतीरामचा हात थोडक्यात वाचला. तिसऱ्यांदा त्याने आपल्याच फोटोला झेंडूचा हार घातला आणि निवांत आत शिरला.

आठवडाभर बाहेरगावी राहून परतलेले मालक मशीन बंद पाहून तरातरा स्विचपाशी आले, थबकले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “लय गुणाचा होता बिचारा. मले कोणी सांगतलं काहून नाही?”

 

मशीनच्या पोटातून आवाज आला, “मंग थोडी कळ काढा ना मालक, पट्टा चढवून राहिलो.”