दर्भाचा कावळा

समुद्राकाठी पिंड ठेवून विश्राम परब आभाळाकडे बघत होते. बायकोचा दहावा होता आणि बेटावर एकही कावळा उरला नव्हता.

मालवणहून येऊन त्यांनी इथे किनाराभर बंगले बांधले, विकले. परदेशी गिऱ्हाइकांना कलकलाट नको, म्हणून कावळे त्यांनीच मारायला लावले. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “आता गावचं कुणी येणार, हे सांगणार कोण?”

“एवढे बंगले विकले की गावीच जाऊ,” असं ते दरवर्षी म्हणायचे.

“शेठ, दर्भाचा कावळा करू,” शेवटी भटजी म्हणाले.

तो लगेच पिंडाला शिवला. परबांना हुंदका आवरेना. खरा कावळा अडून तरी बसला असता, मग हात जोडून म्हणता आलं असतं, “चल, गावी नेतो तुला.”