टाक

म्हातारीच्या देव्हाऱ्यातल्या पितरांच्या टाकांमध्ये रोमन बादशहाचा मुखडा बघून केळुसकर झटकन पुढे वाकले. दोन हजार वर्षं जुनं चांदीचं नाणं! तेवढ्या एकासाठी त्यांचा संग्रह वीस वर्षं अपुरा राहिला होता.

“ह्यो माझा लेक,” त्यांनी नाण्याबद्दल विचारताच आंधळी म्हातारी म्हणाली. “हीर खणताना दरड कोसळली. भायेर काढला तवा मुठीत ह्येच नाणं व्हतं. मग त्याचा टाक म्हणून देवात बसवलं.”

केळुसकरांनी तोंडाला येईल ती किंमत देऊ केली. तिने हात जोडले. “पोटचं पोर कुणी इकतं का, दादा?”

महिन्याभराने ते भर उन्हातून पुन्हा आले, तेव्हा छातीच्या खिशात हुबेहूब नकली नाणं होतं. म्हातारी चहा टाकायला चुलीकडे वळताच त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि थंडगार खरं नाणं खिशात सारलं.

आधण ठेवून लगेच परतलेल्या म्हातारीने सवयीने देव्हाऱ्यात हात घातला, टाक उचलून गालाला लावला आणि ती चरकली.

“अगं बया! अंग असं कढत का रं लागतंय? ताप भरला व्हय, माझ्या राजा?”