किलोला किती

"द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेत का याने?" रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

"शक्यच नाही," हर्षाली म्हणाली. "आमच्या घरात ते येतच नाहीत."

तिचा कुत्रा, बिट्टू, टेबलावर कुशीवर पडला होता. सकाळपासून लघवीचा थेंब नव्हता. रक्तातलं क्रिएटिनिन नऊच्या वर गेलं होतं, म्हणजे किडनी बंद पडत चालली होती. हर्षाली कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. त्या आकड्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"खाल्ल्या खाल्ल्या आणला असता, तर उलटी करवून पोट रिकामं करता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

दोन दिवस ती प्रशिक्षणासाठी पुण्याला होती. घरी फक्त नाना, तिचे सासरे. तिने दवाखान्यातूनच त्यांना फोन लावला.

"नाना, याला वेगळं काही घातलंत का?"

"तू शिकवलं त्याच्यापल्याड काय नाय."

तिने विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. गेल्या वर्षी दिंडोरीकडची द्राक्षबाग विकून, तिथल्या घराला कुलूप लावून संतोषने, तिच्या नवऱ्याने, नानांना इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं. निघताना नानांचा कुत्रा वाघ्या गाडीत चढायला बघत होता. "गावठी आहे नाना, गोचीड घेऊन येईल. शेजारी घालतील की दोन घास," म्हणत हर्षालीने दार लावून घेतलं होतं. पुढे महिन्याभरात वाघ्या गेल्याचा निरोप आला. नानांनी जेवणही सोडलं नाही. मग तिनेही ते मनावर घेतलं नाही.

उलट अलीकडे ते बिट्टूत रमले होते. काय घालायचं नाही त्याची यादी तिने फ्रिजवर लावली होती. नानांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून एका संध्याकाळी ती वाचूनही दाखवली. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे. जन्मभर बागेला औषध मारलेला माणूस. प्रमाण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

"बेदाणे किलोला किती? म्हंजे, केवढ्या कुत्र्याला किती?"

"नक्की आकडा नाही, नाना. एखाद्याची किडनी चार दाण्यांनी बंद पडते. एखाद्याला मूठभर पचतात."

"हे कसलं गं तुमचं शास्तर? आमच्या औषधाच्या डब्यावर बी लिटरला किती, ते छापलेलं असतं."

ती खळखळून हसली होती. म्हातारा बिट्टूचं नीट बघतोय, आता मी बिनघोर पुण्याला जाते, असं तिने कामासाठी बाहेरगावी असलेल्या संतोषला फोनवर सांगितलंही होतं.

चारच्या सुमारास बिट्टू गेला.

रिकामा पट्टा घेऊन हर्षाली घरी आली. काहीतरी करायचं म्हणून त्याच्या खाण्याचं मापटं धुवायला घेतलं. तळाशी काहीतरी चिकटलं होतं. तिने नखाने खरवडलं. बेदाण्याचे दोन देठ होते, काडीसारखे बारीक.

नाना गॅलरीत बसले होते. ती मापटं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही दिलेत?"

"आधी चारच दिले. काय झालं नाय," नाना म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "मंग मापटं भरून दिलं. हातानं भरवलं. वाघ्या बी माझ्याच हातचं खायचा. दुसऱ्या कुणी घातलं तर तोंड लावायचा नाय."

मापटं तिच्या हातातून गळून पडलं. नाना वाकले, ते उचललं, धोतराला पुसलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"तुझ्याला तीनच दिवस लागले, सूनबाई. वाघ्या कुलपापुढं अकरा दिवस बसून व्हता."