निरोगी गटातला आकडा

रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजून हार्ट अटॅक आधीच ओळखायचा, ही आमच्या सरांची टेस्ट. तुलनेला निरोगी माणसं हवीत म्हणून लॅबमधल्या झाडून सगळ्यांनी बाह्या वर केल्या. नळ्यांवर नुसते नंबर. कुठला कुणाचा, ते फक्त सरांना ठाऊक.

त्यातला एक आकडा भलताच वर गेला. पुन्हा तपासला, तरी तेवढाच.

"सर, ज्याचं रक्त आहे त्याला निदान सांगा तरी," मी म्हणाले.

"नाव उघड करायचं नसतं, नियम आहे. आणि तो आकडा काढून टाक. माझ्या ग्राफची पार वाट लावलीय त्याने."

पुढच्याच आठवड्यात लॅबचे ड्रायव्हरकाका गाडी पुसता पुसता कोसळले, ते उठलेच नाहीत. सरांनी काकूंसमोर कोरडाच रुमाल डोळ्यांना लावला.

 

परवा परिषदेत पहिल्याच स्लाइडवर काकांचा हसरा फोटो झळकला, खाली पूर्ण नाव, आणि ओकारी यावी इतक्या गोड आवाजात सर म्हणाले, "यांचा अटॅक आमच्या टेस्टने आठवडाभर आधीच ओळखला होता!"