कमरेची किल्ली

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मावशीला अबोलीच्या बाटलीचा संशय आला.

कपडे शिवायच्या कारखान्यात इस्त्रीचं दालन मावशीच्या ताब्यात होतं. वर पत्रा, खाली आठ इस्त्र्या आणि आठ बायका. मावशी कमरेची किल्ली खुळखुळवत त्यांच्यामधून फिरे. सात जणींच्या जिभा इस्त्रीपेक्षा जोरात चालत. आठवी मात्र बोलायची वेळ आली की मान फिरवी, तोंडावर हात धरी. म्हणून तिचं नाव पडलं अबोली. तिच्या गालात सदा लवंग असे. पिशवीतली बाटली सकाळी भरलेली येई आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत जाई.

लवंगेचा अर्थ मावशीला पाठ होता. दारूचा वास मारायला तिचा स्वतःचा नवरा लवंगच चघळायचा. तोही असाच मान फिरवून बोलायचा. राहता राहिली भरलेली बाटली. "मधे कुठंतरी रिकामी करून पुन्हा पाण्याने भरत असेल," मावशीने मालकांना सांगितलं. "तापलेली इस्त्री आणि प्यालेली बाई! एखाद्या दिवशी आग लावेल."

"पकडून दाखवा, उद्यापासून ती घरी," मालक म्हणाले. "पण मावशी, त्या घरात कमावणारी ती एकटीच आहे."

दुपारच्या सुट्टीत मावशी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"उघड ती बाटली."

अबोलीने झाकण काढलं. मावशीने वास घेतला. मग एक घोट घेतला. कवळी जिभेने नीट बसवली आणि आणखी एक घेतला.

"हे तर पाणी आहे!"

"पाणीच आहे, मावशी."

"मग ती लवंग कशाला?"

अबोलीने तोंडावरचा हात काढला. ओठ फुटले होते, हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या, एक दाढ काळी पडली होती. "तोंडाला वास येतो, म्हणून. दातांची डॉक्टरीण म्हणते, पाणी पोटात नाही म्हणून लाळ सुटत नाही. तोंड कोरडं राहिलं की दात किडतात. उन्हाळ्यात दिवसभर घोटघोट पीत राहा, म्हणते."

"मग पीत का नाहीस, शहाणे? बाटली काय मिरवायला आणतेस?"

अबोली मावशीच्या कमरेकडे बघत राहिली. तिथे संडासाची किल्ली लटकत होती. ती कुणी मागितली की मावशी सगळ्यांदेखत विचारी, "पुन्हा? मघाशीच तर जाऊन आलीस!" आणि दालनभर खसखस पिके.

"प्यायलं की किल्ली मागावी लागते," अबोली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली दिसली.

अबोलीच्या दोन दाढा गेल्या, बाकीचे दात टिकले. पुढे इस्त्रीचं दालन तिच्याच हाती आलं, आणि बोलण्यात ती त्या सात जणींनाही भारी पडली. मालकांनी कारखाना मुलाला दिला. मावशी थकून घरी बसली. अबोली भेटायला गेली तेव्हा कवळी पेल्यातल्या पाण्यात पडली होती.

"मावशी, तुमचे दात कधी गेले हो?"

"चाळिशीच्या आत," मावशी बोळक्या तोंडाने म्हणाली. "तेव्हा मी आठव्या इस्त्रीवर होते. किल्ली दुसऱ्याच बाईच्या कमरेला असायची."